फोटोतली गाडी खेळण्यातली का दिसते?

विचारणा अशी आहे: पुण्यात फ्लॅट, त्यातल्या १० बाय १० च्या खोलीची एक भिंत मिळालेली. ६ बाय ४ फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचे, एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणाचे रूळ टाकून झालेत. कर्जत-खंडाळा घाट करायचा बेत आहे, दोन बोगदे प्लास्टरमध्ये उभे राहिलेत, गाडी चालते. पाहुणे आले की सगळं आवरता यायला हवं, ही घरातली अट. आणि मुख्य दुखणं असं की मोबाइलवर फोटो काढला की सगळं खेळण्यातलं दिसतं. तर चांगला कॅमेरा घ्यावा का, आणि लेन्स कोणती?

कॅमेरा घेऊ नका. निदान यंदा तरी नको.

वीसेक वर्षं हा उद्योग करतोय. त्यात तीन लेआउट, म्हणजे रूळ-डोंगर मांडलेले बोर्ड, मोडून झाले, चौथा चालू आहे. फोटो खेळण्यातला येतो त्याचं कारण बहुतेक वेळा रूळ टाकायच्या आधीच ठरून गेलेलं असतं: जागा कुठली निवडली, बोर्ड किती उंचीवर ठेवला आणि तो बघणारा माणूस कुठे उभा आहे असं मानलं. कॅमेरा शेवटी येतो, आणि आधी केलेल्या सगळ्या लबाड्या बाहेर काढतो.

भोर घाट, म्हणजे हाच कर्जत-खंडाळ्याचा, सगळ्यांनाच करायचा असतो. मलाही करायचा होता. १८६३ साली सुरू झालेली लाइन, १:३७ ची, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट अशी चढण, मागून रेटणारी बँकर इंजिनं, मोह होणारच. पण हिशेब मांडून बघा. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. तिला ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतात. दुकानात मिळणारा एचओचा रूळ मात्र १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी बनलाय. म्हणजे आपली गाडी त्यावर चढवली की पैलवानाने पोराच्या चपला घातल्यासारखी दिसते. पुढे डब्याची लांबी. चेन्नईच्या कारखान्याचा जुना आयसीएफ डबा २१ मीटरच्या वर, म्हणजे एचओत साडेचोवीस सेंटीमीटर. बारा डबे जोडले की गाडीच ३ मीटरची, आणि तुमचा अख्खा बोर्ड १८३ सेंटीमीटरचा. चार फूट रुंदीत वळणाची त्रिज्या ५५ सेंटीमीटरच्या वर जात नाही, आणि ते खऱ्या जगातले ४८ मीटर झाले. इतक्या आवळ वळणावर डेक्कन क्वीन घालायची कल्पना करा. डब्याचं पोट रुळाच्या आत, टोकं बाहेर दरीवर. गाडी हलत असते तोवर डोळा हे चालवून घेतो. फोटोत गाडी थांबलेली असते, बघणाऱ्याला वेळच वेळ असतो, आणि काहीतरी चुकतंय हे ज्याला रेल्वेतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही जाणवतं.

म्हणून कर्जतच्या थोडं पुढे, मुंबईच्या बाजूला, नेरळला उतरा.

नेरळ-माथेरान लाइन ६१० मिमी, म्हणजे २ फूट गेजची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती वडिलांच्या, सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर बांधली आणि १९०७ साली ती चालू झाली. आपल्या कामाचे आकडे दोन आहेत. सगळ्यात आवळ वळणं ६० फूट त्रिज्येची, आणि चढ १:२०. आता ओओ-९ हे प्रमाण घ्या, म्हणजे १:७६ च्या गाड्या ९ मिमीच्या रुळावर. ६१० ला ७६ ने भागलं की ८ मिमी. एका मिलिमीटरचा फरक, तो कुणाच्या बापाला दिसत नाही. ६० फूट म्हणजे १८.३ मीटर, भागिले ७६, उत्तर २४ सेंटीमीटर. लहान खोलीत आपण जी वळणं लाजत लाजत टाकतो, ती या एका लाइनवर तंतोतंत खरी आहेत! गाडी पाच-सहा डब्यांची, डबे बुटके. एकही लबाडी न करता चार बाय दोन फुटांत बसणारा खरा घाट मला तरी महाराष्ट्रात दुसरा सापडलेला नाही.

आता एकच दृश्य ठरवा. अख्खी लाइन नको, स्टेशनही आत्ता नको. या मार्गावर घोड्याच्या नालेसारखी वळणं आहेत: गाडी डावीकडून ओढ्याच्या काठाने आत शिरते, टोकाला वळसा घालते आणि उजव्या काठाने, पण वरच्या पातळीवरून, आपल्याकडे परत येते. ओढ्याच्या तोंडाशी तुम्ही उभे. २४ सेंटीमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ ७५ सेंटीमीटरचं, दोन्ही बाजूंचे सरळ पाय २०-२० सेंटीमीटरचे. एकूण ११५. १:२० च्या हिशेबाने गाडी तेवढ्यात पावणेसहा सेंटीमीटर चढते, म्हणजे खऱ्या जगातली ४ मीटरहून जास्त. इंजिन वळसा घालून पुढे येतं तेव्हा शेवटचा डबा अजून खाली, समोरच्या काठावर असतो. फोटो इथेच आहे. बाकीचे रूळ मागून, डोंगराआडून कसेही फिरवा.

तो चढ रुळांवर घेताना एक काळजी घ्या. सपाटीवरून एकदम १:२० ला जाऊ नका. सुरुवातीच्या आणि शेवटच्या १५ सेंटीमीटरमध्ये चढ हळूहळू वाढवा-उतरवा, नाहीतर डब्यांची कडी सुटते. इंजिन घसरेल, ते घसरणारच. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे गोळे ठोकून चपटे करा आणि इंजिनाच्या पोकळीत बसवा. रूळ घेताना एन या आणखी लहान प्रमाणाचा घेऊ नका. रुंदी तीच, ९ मिमी, पण स्लीपर बारीक आणि दाट असतात, त्यामुळे मेन लाइन आकसल्यासारखी दिसते. पेको कंपनीचा ओओ-९ साठीचा रूळ मागवा. त्यात स्लीपर जाणूनबुजून थोडे वाकडेतिकडे ठेवलेले असतात.

इंजिन तयार मिळणार नाही, हे आधीच सांगतो. माथेरानची मूळ वाफेची इंजिनं ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याची, सहा चाकांची, आणि टोकाच्या धुरांना वळणावर सरकायला मुभा देणाऱ्या क्लाइन-लिंडनर रचनेची. तसलं यांत्रिक नक्षीकाम आपल्या टेबलावर नको. काटो या जपानी कंपनीची एन प्रमाणाची छोटी चालती चासी, म्हणजे चाकं-मोटरचा सांगाडा, घ्या आणि तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन शीटची पेटी बांधा. पहिल्यांदा डिझेल करा. डिझेल म्हणजे शेवटी खिडक्यांची पेटी, चूक झाली तरी दीड तासात दुसरी होते. वाफेच्या इंजिनाला माझे पाच महिने गेले, आणि त्याची चिमणी अजून तिरकी आहे.

वायरिंगवर फार बोलत नाही. एक गाडी, एक दृश्य. साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरतो. डिजिटलच्या नादाला लागायचं ते दोन इंजिनं एकाच वेळी चालवायची वेळ येईल तेव्हा.

बोर्डाकडे वळू. तुमचा प्लाय सध्या जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर असणार, फोटोंच्या वर्णनावरून तसंच वाटतं. तो छातीच्या वर न्या. जमिनीपासून रुळापर्यंत १३० सेंटीमीटर तरी हवेत. टेबलाच्या उंचीवरचा लेआउट आपण कायम हेलिकॉप्टरमधून बघतो, आणि हेलिकॉप्टरमधून माथेरान बघितलेली माणसं थोडी. भिंतीला शेल्फचे ब्रॅकेट ठोका, त्यावर बोर्ड नुसता टेकवून ठेवा. आवरायची अटही यात सुटते, कारण चार बाय दोनचा बोर्ड दोघांना उचलून कपाटामागे उभा करता येतो. मात्र खालून सागाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट मारा आणि प्लाय वॉटरप्रूफच घ्या. माझा पहिला बोर्ड साध्या कमर्शियल प्लायचा होता. जुलैत त्याने पोट सोडलं, मधोमध ८ मिमी. गाडी आपोआप मध्यावर येऊन थांबायची. पोरं म्हणाली, बाबा, स्टेशन तिथेच करा.

डोंगर कसा करायचा हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. दिवाळीत किल्ला केला असेल ना? विटा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा राडा, वर हळीव पेरायचे. परदेशातले लोक पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जाळीवर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड टाकतात, तो आपला गोणपाटाचाच प्रकार. मी विटांच्या जागी इन्सुलेशनचं दाट फोम वापरतो, भाजीच्या सुरीने कापतो आणि वर जुन्या सुती पंचाचे तुकडे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून टाकतो. प्लास्टर अर्धवट ओलं असताना कड्याचे आडवे थर कोरून घ्या. सह्याद्रीचा कडा उभ्या भेगांचा आणि आडव्या पट्ट्यांचा असतो, पोळ्यांची चळत तिरकी कापल्यासारखा. हे एकदा लक्षात आलं की हात आपोआप बरोबर चालतो. नुसते खडबडीत उंचवटे केलेत तर तो डोंगर जगात कुठलाही असू शकतो.

माती खरी वापरा. माथेरानची ओळखच तांबड्या जांभ्या मातीने होते, पण तिथूनच आणायला हवी असं नाही. कुठलीही तांबडी माती कडक उन्हात चार दिवस वाळवा आणि जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळा. चाळलेल्या मातीत भरपूर लोहचुंबक फिरवा, एकदा नाही, पाच-सहा वेळा. तांबड्या मातीत लोहाचे कण असतात, त्यातले काही चुंबकाला चिकटतात, आणि इंजिनातली मोटर म्हणजे चुंबकच. एकदा ते कण आत गेले की मोटर कुरकुरते आणि मग बसते. मातीचा थर हवा तसा पसरून झाला की स्प्रेने पाणी मारा, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, आणि मग निम्मं पाणी-निम्मं फेविकॉल ड्रॉपरने सोडा. साबणामुळे ते मिश्रण मातीत मुरतं, नाहीतर वर गोळ्या होऊन लोळतं. वाळल्यावर माती एक छटा गडद होते, म्हणून आधी थोडी फिकट निवडा. खडीलाही हीच रीत.

किराणा दुकानात गेरू मिळतो, तुळशीवृंदावनाला लावतात तो. डब्यांच्या खालच्या भागावर, चाकांवर, पायऱ्यांवर मऊ ब्रशने कोरडा गेरू लावा आणि फुंकर मारा. परदेशी कंपन्यांच्या महागड्या पावडरीच्या डब्या मी वर्षानुवर्षं मागवत होतो, आणि दहा रुपयांच्या गेरूने जे काम केलं ते त्यातल्या एकीनेही केलं नाही. मात्र तांदळाच्या पिठाची रांगोळी वापरू नका, मुंग्या येतात, दगडाची चालते. वाळवलेली चहापत्ती पाचोळा म्हणून फार छान दिसते, पण पावसाळ्यात बुरशी धरते. माझ्या जुम्मापट्टीच्या (याच लाइनवरचं एक स्टेशन) जंगलावर एका ऑगस्टमध्ये पांढरी लव आली होती. दोन दिवस मी ते धुकं समजून फोटो काढले.

झाडांसाठी धन्याची किंवा बडीशेपेची वाळलेली बोंडं जपून ठेवा. ती फाटे फुटलेली छत्रीसारखी रचना तयार करायला यंत्रालाही जमत नाही. त्यावर पातळ फेविकॉल, वर बारीक रंगवलेला स्पंजचा चुरा. हिरव्या रंगात मात्र दुकानातला हिरवा तसाच लावू नका. १:७६ मध्ये ३० सेंटीमीटरवरचं झाड म्हणजे खरं २३ मीटरवरचं झाड. मधल्या हवेने रंग फिका होतो. प्रत्येक रंगात थोडा पांढरा, थोडा राखाडी मिसळा. मागच्या डोंगराच्या रंगात आणखी.

आणि महिना ठरवा. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. "माथेरान" असं दृश्य नसतं. "नोव्हेंबरच्या सुरुवातीचं माथेरान, दुपारी साडेचार" असं असतं. पावसाळ्यात नेरळहून वर गाडी बंदच असते, तेव्हा हिरवागार घाट आणि त्यात धावणारी गाडी हा फोटो कितीही सुंदर आला तरी माहीतगार माणूस हसेल. नोव्हेंबरात गवत टोकाला पिवळं, बुडाशी हिरवं. ओढा जवळजवळ कोरडा, दगडांवर शेवाळाची वाळून काळी झालेली रेघ. एकदा महिना पक्का झाला की दर वेळी हा रंग का तो, हा प्रश्न उरत नाही. सालही ठरवा. जुलै २००५ च्या पावसात लाइन वाहून गेली होती आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच्या आधीचे डब्यांचे रंग आणि नंतरचे रंग एकाच गाडीत घालू नका.

आता तुमचा खरा प्रश्न.

१:७६ मधला माणूस किती उंच? १६५ सेंटीमीटरला ७६ ने भागा: जेमतेम २२ मिमी. त्याचे डोळे जमिनीपासून दोन सेंटीमीटरवर. मोबाइल आडवा धरून बोर्डाच्या कडेवर टेकवलात तर लेन्स वरच्या बाजूला, साधारण ६ सेंटीमीटरवर येते. गुणिले ७६: साडेचार मीटर. म्हणजे तुमचा प्रत्येक फोटो पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढलाय! घाटात ती गॅलरी कुणी बांधली? मोबाइल उलटा करा, लेन्सचा कोपरा खाली येईल असा. आता ती दीड सेंटीमीटरवर आली. खाली खोडरबर ठेवा, दोन सेंटीमीटर. एवढं एक करून आधी काढलेला फोटो आणि हा शेजारी ठेवा. कॅमेऱ्याचे पैसे वाचले की नाही ते मग सांगा.

खेळण्यासारखं दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे धूसरपणा. लहान वस्तू जवळून बघताना डोळ्यालाही पुढचं-मागचं अस्पष्ट दिसतं, त्यामुळे मेंदूने गाठ मारून ठेवलीय: पुढचं-मागचं धूसर, म्हणजे वस्तू छोटी. खऱ्या डोंगराच्या फोटोत कड्यापासून गाडीपर्यंत सगळं स्पष्ट असतं. तुम्ही महागडा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतलात तर ही अडचण वाढते, कारण सेन्सर मोठा तसा स्पष्टतेचा पट्टा अरुंद. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, तो इथे तुमचा मित्र. त्यातही तीन-चार वर्षं जुना मोबाइल घरात पडला असेल तर तो काढा. नव्या मोबाइलांचे मुख्य सेन्सर मोठे झालेत आणि जवळ गेलं की ते आपणहून मॅक्रो लेन्सवर उडी मारतात. तसं होत असेल तर सेटिंगमध्ये बंद करा. अजून एक: फार जवळ जाऊ नका. दुप्पट लांब जा आणि फोटो नंतर कापा. पट्टा बराच वाढतो.

पुढे कधी कॅमेरा घेतलातच तर एफ २२ वर छिद्र आवळून सगळं स्पष्ट करायचा प्रयत्न करू नका. तितक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच मऊ होतं. एफ ८ वर ठेवून पुढच्या गवतापासून मागच्या कड्यापर्यंत फोकस सरकवत दहा-बारा फोटो काढा आणि हेलिकॉन फोकससारख्या प्रोग्रॅममध्ये एकत्र रचा. याला स्टॅकिंग म्हणतात. त्या दहा फोटोंत काहीही हलता कामा नये. पंखा बंद, दार बंद, घरातल्यांना पाच मिनिटं चालायची बंदी. माझा सगळ्यात मोठा स्टॅक चौदा फोटोंचा होता, दीड तास मांडणी केली, आणि पंखा सुरूच राहिलाय हे घरी कुणी घामाघूम झालं नाही यावरूनही लक्षात आलं नाही. रचलेल्या फोटोत प्रत्येक झाडाला चौदा फांद्या जास्त.

प्रकाश. सूर्य एकच असतो, त्यामुळे सावली एकच पडते. खोलीतली ट्यूब, टेबललॅम्प आणि खिडकी असे तीन सूर्य तुमच्या घाटात उगवलेत. आधी दोन मावळवा. उरलेला दिवा बोर्डापासून दोन-अडीच मीटर लांब न्या. ४० सेंटीमीटरवरचा दिवा म्हणजे ३० मीटरवर टांगलेला सूर्य, त्याच्या सावल्या पंख्यासारख्या पसरतात. एलईडी असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर विजेच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टे येतात. मागे आकाशाचा पडदा असेल तर तो कड्यापासून हातभर लांब हवा. गाडीची सावली आकाशावर पडली की संपलं. आकाश सपाट निळं रंगवू नका; क्षितिजाशी ते जवळजवळ पांढरं असतं. आणि जवळचा डोंगर आणि लांबचा डोंगर यांच्या मध्ये जुन्या मच्छरदाणीचं पांढरं कापड ताणून बांधा. त्यावर प्रकाश पडला की मागचा डोंगर धुरकट आणि निळसर होतो, नेरळहून माथेरानचा कडा दिसतो तसा. कापडाची वीण दिसते का ते आधी तपासा. दिसली तर ते अजून मागे सरकवा.

पण खरं सांगायचं तर हे सगळं दिव्यांचं प्रकरण मी हल्ली करतच नाही. चार बाय दोनचा बोर्ड का, तर तो जिन्यावरून नेता येतो. नोव्हेंबरमध्ये दुपारी चारला गच्चीवर जातो. कठड्यावर बोर्ड टेकवायचा, खाली दोन खुर्च्या, मागे खरं आकाश. १५ कोटी किलोमीटरवरचा दिवा फुकट आहे आणि त्याच्या सावल्या अगदी समांतर पडतात. मुलाने बोर्ड धरायचा, मी उलटा मोबाइल घेऊन गुडघ्यावर. गेल्या वर्षीचा एक फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. इंजिन वळसा घालून पुढे आलंय, त्याच्या कपाळावर तिरपं ऊन. डब्यांच्या टोकाला हातब्रेक सांभाळणारी माणसं, शेवटच्या डब्यातून एक बाई बाहेर वाकलेली. तिची साडी टिश्यू पेपरची आहे, फेविकॉलमध्ये बुडवून जर्मन बनावटीच्या बाहुलीच्या फ्रॉकवर चिकटवलेली, कारण साडीतल्या बायका मला तरी तयार मिळाल्या नाहीत. सगळं जमून आलंय. फक्त दुसऱ्या डब्याच्या छतावर एक मुंगी आहे. चार मिलिमीटरची मुंगी म्हणजे आपल्या हिशेबाने ३० सेंटीमीटरची. माथेरानला माकडं असतात म्हणून चालून गेलं.

यावरून धुळीकडे येतो. अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे ३८ मिमीचा, छतावर लिंबू ठेवल्यासारखा. डोळ्याला खटकत नाही, फोटोत ठणठणीत दिसतो. फोटो काढण्याआधी मऊ ब्रश आणि हवेचा फुगा घेऊन दहा मिनिटं द्या. फेविकॉलची चमक कुठे दिसते तेही तेव्हाच बघा. त्यावर मॅट वार्निशचा हात मारा, कारण उन्हात चकाकणारी माती कुठेच नसते. एक सोपी चाचणी सांगतो: फोटो काळा-पांढरा करून बघा. रंग गेले की प्लास्टिक, डिंक आणि चुकलेली सावली लगेच वर येतात. जे काळ्या-पांढऱ्यात खरं दिसतं ते रंगीतमध्येही टिकतं. वाफ, धूर वगैरे कॉम्प्युटरवर चिकटवू नका. कापसाचा तर नाहीच. माझं मत म्हणा, पण धूर नसलेलं इंजिन चालतं, खोटा धूर चालत नाही.

फोटोसाठी लेआउट बांधणं म्हणजे नकली काम, असं कुणी म्हणालं तर कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचे जॉन ॲलन आठवा. पेशाने फोटोग्राफर, जमिनीपासून छतापर्यंत डोंगर असलेला त्यांचा गोरी अँड डिफीटेड हा लेआउट जगभर नावाजला गेला तो मुख्यतः त्यांच्या फोटोंमुळे. दृश्य लांब वाटावं म्हणून ते डोंगरात आरसे लपवत, आणि गाड्या जुन्या-मळक्या रंगवायची रीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच आगीत बहुतेक लेआउट जळाला. आज आपण जे बघतो ते फोटोच. आणि चालवण्याची बाजू बघायची असेल तर लांब जाऊ नका: कोथरूडला भाऊ जोशींचं लहान रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे एक अख्खं शहर, त्यातल्या गाड्या वेळच्या वेळी धावतात. माझ्यासारखा एकाच वळणात अडकलेला माणूस तिथून येताना दर वेळी थोडा खजील होऊन येतो.

राहिला तुमचा ६ बाय ४ चा प्लाय. तो मोडीत काढू नका. वॉटरप्रूफ असेल तर त्याचे आडवे तीन तुकडे करा, प्रत्येक ४ बाय २ चा; हिशेब बरोब्बर बसतो. एकावर नालेचं वळण. दुसऱ्यावर डोंगराआड जाणारे रूळ आणि गाडी उभी करायची जागा. एचओचे रूळ आणि डबे विकायची घाई नको. पुढेमागे नेरळ स्टेशन करालच, आणि तिथे माथेरानच्या फलाटापलीकडे ब्रॉडगेज आहे. ती मागच्या बाजूला, कमरेएवढ्या भिंतीआड ठेवायची. १:७६ च्या पुढच्या गाडीमागे १:८७ चा डबा लहान असल्यामुळे आपोआप लांब वाटतो, आणि अरुंद रूळ भिंतीआड झाकला जातो. तिसरा तुकडा त्यासाठीच ठेवा. पहिल्या वळणाचा एक फोटो मनासारखा आला की सहा महिन्यांत तो लागणारच आहे.